खेळ उरला, गप्पा गेल्या

इतिहास म्हटला की तलवारी, तह आणि गाद्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. खेळण्यांचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. आणि खेळता खेळता माणसे एकमेकांशी काय बोलली ह्याचा इतिहास लिहावा, असे तर त्याहूनही नाही. हस्तिदंती सोंगट्या आपल्याला वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. परंतु सोंगटी मारली गेली तेव्हा कोणी कोणाला टोमणा मारला, कोण पट उधळून उठले, कोणाची समजूत कोणी काढली, हे कुठल्याही दप्तरात सापडत नाही. सोंगटी हस्तिदंताची, म्हणून टिकली. बोलणे तोंडचे, ते वाऱ्यावर गेले. त्यात नवल काही नाही.

नवल आहे ते पुढेच. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत खेळाची एक नवी जात जन्माला आली. पडद्यावर हलणाऱ्या ठिपक्यांचा खेळ, ज्याला आपण व्हिडिओ गेम म्हणतो, तो हा. ह्या खेळाच्या आसपास ज्या गप्पा झाल्या त्यांतल्या कितीतरी लेखी होत्या. दूरदूरच्या गावी बसलेली माणसे यंत्राच्या कळा दाबून एकमेकांशी बोलत होती, आणि बोललेला प्रत्येक शब्द क्षणभर का होईना, यंत्राच्या पोटात अक्षररूपाने उतरत होता. असे असूनही आज शोध घेऊ गेल्यास खेळ सापडतो आणि गप्पा सापडत नाहीत. तोंडचे बोलणे हरवते हे समजू शकते. लिहिलेले बोलणे का हरवावे? ह्या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रश्न निव्वळ पंडिती नाही. आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांना ह्या जुन्या खेळांची ओढ लागली आहे. निंटेंडो ह्या जपानी कंपनीने आपले तीस वर्षांपूर्वीचे यंत्र २०१६ साली लहान आकारात पुन्हा विकावयास काढले, तेव्हा दुकानांत ते पुरेनासे झाले. पण हा जुना खेळ दोन मित्रांपुढे ठेवून पाहावा. दहा मिनिटे दोघे खेळतील. चित्र ओबडधोबड, आवाज पिपाणीसारखा, आणि बोटांना पूर्वीची चपळाई उरलेली नसते. मग खेळ बाजूला राहतो आणि ‘‘तुला आठवते का रे’’ असे सुरू होते. ओढ कशाची आहे ते तेव्हा कळते.

आता मुळाकडे जाऊ. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या प्रख्यात संस्थेत पीडीपी-१ नावाचा एक संगणक होता. त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर. असे संगणक जगात पुरते साठही झाले नाहीत. त्या संस्थेत खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड असलेल्या तरुणांचे एक मंडळ होते. त्यांपैकी स्टीव्ह रसेल ह्याने मित्रांच्या मदतीने ह्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. दोन अवकाशयाने, दोन खेळाडू, आणि एकमेकांवर मारा. एकाने खेळ रचला तो दुसऱ्याला अपुरा वाटला. पीटर सॅमसन ह्याला पाठीमागच्या तारका मनास येतील तशा पेरलेल्या आवडल्या नाहीत. त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा आणून बसवला. डॅन एडवर्ड्‌स ह्याने मधोमध सूर्य ठेवून त्याला गुरुत्वाकर्षण दिले. यंत्राच्या खटक्यांशी झटून कोपरे दुखू लागली, तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स ह्यांनी हातात धरावयाच्या पेट्या तयार केल्या. ह्या प्रत्येक सुधारणेच्या मागे एक संभाषण आहे. कोणीतरी कुरकुरले, कोणी चिडवले, कोणी ‘‘बघ, मी करून दाखवतो’’ म्हणाला. सुधारणा राहिली, ते संभाषण मात्र पुढे सांगितलेल्या आठवणींतून जेवढे झिरपले तेवढेच उरले.

आणखी एक गोष्ट. हा खेळ कोणी विकला नाही. ज्याला हवा त्याने त्याची नक्कल करून न्यावी अशी रीत होती, आणि तो संगणक जिथे जिथे गेला तिथे तिथे हा खेळही पोहोचला. ही नकलेची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा टप्पा इलिनॉय विद्यापीठाचा. तेथे डोनाल्ड बिट्झर ह्यांनी १९६० पासून प्लेटो नावाची शिक्षणयंत्रणा उभारली होती. विद्यार्थ्याने पडद्यापुढे बसावे आणि यंत्राने धडा शिकवावा, अशी ती योजना. माझ्यासारख्या शाळामास्तराला ह्यापुढचे ऐकून हसू आल्यावाचून राहत नाही. कारण यंत्र धड्यांसाठी, आणि मुले त्यावर खेळू लागली! १९७३ मध्ये जॉन डॅलेस्के ह्याचा ‘एम्पायर’ हा अनेकांनी मिळून खेळावयाचा लढाईचा खेळ आला. १९७५ च्या सुमारास एका विद्यार्थ्याने भुयारात शिरून राक्षसांशी लढण्याचा खेळ रचला आणि त्याला नाव दिले ‘पेडिट५’. हे नाव अभ्यासाच्या फायलीचे वाटावे असे होते, म्हणजे वरिष्ठांच्या नजरेस पडू नये. तो खेळ तरीही पुसला गेला. परंतु तोवर त्याला पाहून इतरांनी तशाच जातीचे दुसरे खेळ रचलेले होते. वहीत पुस्तक लपवून वाचणारी मुले सगळ्या देशांत सारखीच.

ह्याच यंत्रणेवर १९७३ साली गप्पांचीही सोय झाली. डेव्हिड वूली हा तेव्हा सतरा वर्षांचा मुलगा. त्याने ‘नोट्स’ ही सोय केली; एकाने लिहून ठेवावे आणि इतरांनी सवडीने त्याखाली उत्तरे द्यावीत. डग ब्राउन ह्याच्या कल्पनेतून ‘टॉकोमॅटिक’ निघाले. त्यात पडद्याचे पाच भाग केलेले असत आणि पाच माणसे एका वेळी बोलू शकत. समोरचा एकेक अक्षर लिहीत असताना ते तसेच उमटताना दिसे. तो अडखळला, खोडले, पुन्हा लिहू लागला, हे सारे दिसत असे. म्हणजे पत्राचा नेमकेपणा आणि बोलण्यातला संकोच, दोन्ही एकाच जागी. पाचच जागा असल्यामुळे सहाव्याला थांबावे लागे. आणि थांबणारा कोण आहे, हे आत बसलेल्यांना बहुधा माहीत असे.

त्या काळचे हे जग किती लहान होते, ह्याची एक गमतीची साक्ष आहे. विल क्राउदर हा संगणकांचे पहिले जाळे उभारणाऱ्या मंडळींपैकी एक, आणि गुहा धुंडाळण्याचा षोकी. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना रमवावे म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ गुहेवरून शब्दांचाच एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड येथील डॉन वूड्स ह्याच्या हाती तो लागला. त्यात भर घालावी असे वूड्सला वाटले, पण मूळ कर्त्याची परवानगी घ्यावयाची तर तो राहतो कुठे? वूड्सने जाळ्यावरील प्रत्येक संगणकाकडे ‘क्राउदर’ ह्या नावाने पत्र धाडले, आणि ते बरोबर माणसास पोहोचले! एखाद्या खेड्यात नुसते ‘अण्णांना द्यावे’ एवढे लिहिले तरी पोस्टमन चुकत नाही, तसे ते जाळे होते.

इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ ह्याने ‘मड’ हा खेळ सुरू केला आणि १९८० मध्ये रिचर्ड बार्टल ह्याने तो आपल्या हाती घेतला. अनेक माणसे एकाच काल्पनिक भूमीत एकाच वेळी वावरत, खजिने शोधत, एकमेकांना मारीत, आणि बोलत. विद्यापीठाचा संगणक रात्री मोकळा असे, म्हणून बाहेरच्या लोकांना रात्रीच प्रवेश. टेलिफोनचे बिल सोसून, झोप मोडून माणसे येत. ती कशासाठी येत असावीत? नेमका हाच प्रश्न पुढे ह्या खेळातल्या मुरलेल्या मंडळींनी आपसांत काढला, आणि नोव्हेंबर १९८९ पासून मे १९९० पर्यंत त्यावर चर्चा चालली. तिचे सार बार्टल ह्याने १९९६ साली एका निबंधात मांडले. खेळाडू चार प्रकारचे, असे त्याने म्हटले: काही मिळवावयास येणारे, काही धुंडाळावयास येणारे, काही दुसऱ्याला मारावयास येणारे, आणि काही केवळ माणसे भेटतात म्हणून येणारे. ह्या चौथ्यांच्या लेखी खेळ म्हणजे पार. गावाच्या झाडाभोवती दगडाने बांधलेला. पारावर कोणी पाराकरता जात नाही.

ह्याच सुमारास खेळाच्या बाहेरही असे पार बांधले जात होते. जानेवारी १९७८ मध्ये शिकागो शहर बर्फात अडकले असता वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस ह्या दोघांनी घरगुती संगणकाला टेलिफोन जोडून एक सूचनाफलक तयार केला. १६ फेब्रुवारीस तो लोकांना खुला झाला. तार एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. त्याने फोन ठेवला की दुसऱ्याने यावे, आधीच्याने लिहिलेले वाचावे, आपले लिहून जावे. पुढे असे फलक गावोगाव झाले. विद्यापीठांतून १९८० पासून यूझनेट नावाचे जाळे पसरले आणि त्यात खेळांसाठी स्वतंत्र चर्चागट निघाले. परदेशी गेलेल्या मराठी माणसांनी तिथे मराठीचाही एक गट चालवला होता. १९९६ मध्ये ‘मायबोली’ निघाली. संगणकावर देवनागरी उमटवणे तेव्हा दुर्घट, म्हणून पुष्कळजण रोमन अक्षरांत मराठी लिहीत. परंतु विषय पाहिले तर ते ओसरीवरचेच असत.

आपल्या इकडे त्या वेळी काय होते? सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि तेही मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावी त्याचे नावही नव्हते. पण निंटेंडोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या यंत्राच्या स्वस्त नकला १९९० नंतर आपल्या बाजारात भरपूर आल्या होत्या. घरच्या टीव्हीला जोडावयाचे ते यंत्र. त्यात खुपसावयाच्या पिवळ्या-निळ्या डबीला आम्ही सारे कॅसेट म्हणत असू. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे, आणि आत मोजून पाच-सहा खेळ पुन्हा पुन्हा! गल्लीत यंत्र एक असे आणि मुले दहा. दोघांनी खेळावे, आठांनी सल्ले द्यावेत, असा क्रम.

त्या सल्ल्यांतला एक सल्ला मात्र फार लांबून आलेला होता. कोनामी ह्या जपानी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो ह्यांना १९८६ साली आपल्याच ‘ग्रेडियस’ ह्या खेळाची तपासणी करताना तो फार अवघड जाऊ लागला. म्हणून त्यांनी एक गुप्त किल्ली घातली: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, आणि मग ठरावीक दोन कळा. ‘कॉन्ट्रा’ ह्या खेळात ह्याच किल्लीने तीन ऐवजी तीस जीव मिळत. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. त्यांच्या आयुष्यात ही किल्ली जपानातून अमेरिकेत गेली आणि जगभर पसरली. नि ज्यांच्या गावात ह्या विषयाचे एक मासिकही येत नव्हते अशा आमच्यासारख्या मुलांच्याही ती तोंडपाठ झाली. कोणी सांगितली? कोणाच्या तरी आत्येभावाने. त्याला कोणी सांगितली? मुंबईच्या कोणीतरी. ही साखळी आज कोणालाही जुळवता येणार नाही. किल्ली आहे, सांगणारे गेले.

आता खेळ कसे वाचले ते पाहू. ते कंपन्यांनी वाचवले असे मानू नये. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला, तेव्हा अटारी कंपनीने आपल्या न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो उकिरडा खणून त्या बाहेर काढण्यात आल्या, आणि काल जो कचरा होता तो संग्रहालयात गेला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली. तेव्हा त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाले आहेत, असे आढळले. हे खेळ मुख्यतः जपले ते हौशी लोकांनी. इटलीच्या निकोला साल्मोरिया ह्याने १९९७ मध्ये ‘मेम’ नावाची आज्ञावली काढली. तिच्यामुळे आजचा संगणक पार्लरमधल्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो. क्राउदरच्या गुहेचा मूळ मजकूर हरवला असे सगळे धरून चालले होते. तो २००५ मध्ये वूड्सच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याच्या जुन्या प्रतीत सापडला.

ह्या सगळ्यांत समान सूत्र एकच. जे वाचले त्याची कुठेतरी एक नक्कल पडलेली होती. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती तरली, ह्याचा एक अर्थ असा सांगतात की ती लोकांच्या मुखी होती. खेळाचेही तसेच झाले. प्रत्येक कॅसेट ही एक प्रत. अशा लाखो प्रती लाखो घरांच्या माळ्यांवर पडल्या होत्या. कंपनी बुडाली तरी माळा बुडत नाही.

गप्पांची प्रत मात्र एकच असे, आणि ती दुसऱ्याच्या घरात. आरंभी साठवणीची जागा महाग होती. म्हणून यूझनेटवरचे लिखाण काही आठवड्यांनी पुसण्याची सर्रास वहिवाट पडली. फलक चालवणाराही नव्यासाठी जुने पुसून टाकी. पुढे जागा स्वस्त झाली, पण ती मालकाची झाली. जिओसिटीज ही हौशी लोकांच्या पानांची वसाहत २००९ च्या ऑक्टोबरात बंद झाली. आपल्याकडे आणि ब्राझीलमध्ये घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. याहू ग्रुप्सवरचे वर्षानुवर्षांचे लिखाण २०१९ अखेरीस काढून टाकण्यात आले आणि पुढच्या डिसेंबरात ते दुकानही बंद झाले. भाडेकरूला नोटीस मिळते तशी नोटीस मिळाली; ज्यांना उमजले त्यांनी बोचके बांधले, बाकीच्यांचे तिथेच राहिले. काही स्वयंसेवकांनी जिओसिटीजमधले हाताला लागेल तेवढे उतरवून घेतले, हे त्यांचे उपकार.

अपवाद आहेत, आणि ते विचार करावयास लावतात. टोरांटो विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे गृहस्थ संगणक सांभाळत. १९८१ पासून दहा वर्षे त्यांच्याकडे येणारे यूझनेटचे लिखाण ते पुसण्यापूर्वी चुंबकीय फितींवर उतरवून ठेवीत गेले. अशा १४१ फिती जमल्या. त्यांतून पुढे वीस लाखांवर संदेश बाहेर आले. वाण्याच्या पुडीला जाणारे कागद इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून सोडवले, त्यांची ह्या ठिकाणी आठवण होते. साधने जमवणाऱ्याला त्या क्षणी कागदाची किंमत सिद्ध करता येत नाही. तो फक्त रद्दीवाल्याच्या आधी पोहोचतो.

कोणी म्हणेल, गप्पाच त्या. हरवल्या तर काय बिघडले? काही गप्पा हरवलेल्याच बऱ्या, हे मी मान्य करतो. त्या जुन्या जगाला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. तिथे भांडणे होती, शिवीगाळ होती. विद्यापीठाचे दार ज्याला उघडे, ज्याच्या घरी टेलिफोन, तोच आत शिरे. बाया थोड्या, इंग्रजी न येणारे त्याहून थोडे. दार लहान होते म्हणून आतले लोक सज्जन होते, असे मुळीच नाही. पण एक गोष्ट त्या लहान दारामुळे घडत होती. पाच जागांच्या खोलीत, एका तारेच्या फलकावर, रात्रीच्या चार तासांत तोच माणूस उद्या पुन्हा भेटणार हे ठाऊक असे. आज ज्याला टाकून बोललो त्याच्याशी उद्या गाठ आहे, ह्या जाणिवेने माणसाच्या जिभेला जो लगाम बसतो तो कुठल्याही नियमाने बसत नाही. आज एका हाकेसरशी लक्षावधी लोक ऐकतात; परंतु त्यांपैकी उद्या कोण भेटेल, हे सांगता येत नाही. बाजारात आवाज चढतो, तो ह्यासाठीच.

म्हणून ह्या गप्पांचे कागद हवेत. अनोळखी माणसे, चेहरा न पाहता, केवळ अक्षरांवर विसंबून एकमेकांची ओळख कशी करून घेत होती, शेजार कसा जमवत होती, ह्याचा तो पहिला पुरावा आहे. शंभर वर्षांनी कोणी आमच्या काळाचा इतिहास लिहू लागला तर त्याला आमची खेळणी सुस्थितीत मिळतील. ती खेळताना आम्ही कसे बोलत होतो, हे त्याला खेळण्यांवरून ताडावे लागेल. आणि सोंगटीवरून वाडा ताडणे किती कठीण, हे आपण जाणतोच. ज्या मंडळांत, ज्या गटांत आपण आज रमतो, तिथल्या चार चांगल्या गप्पा आपल्या घरी उतरवून ठेवाव्यात, सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, आणि दोन प्रती कराव्यात. एवढे ज्याला त्याला जमण्यासारखे आहे.

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे संगणकांच्या इतिहासाचे एक संग्रहालय आहे. तेथे निवृत्त अभियंत्यांनी आणि हौशी जाणकारांनी मिळून एक पीडीपी-१ दुरुस्त करून चालू केला आहे आणि त्यावर ‘स्पेसवॉर’ खेळता येतो. सॅमसनच्या तारका जागच्या जागी आहेत, एडवर्ड्‌सचा सूर्यही यानांना ओढतो आहे. फक्त त्या खेळात यंत्र कोणाचा प्रतिस्पर्धी होत नाही. रसेलने तशी सोयच केली नव्हती. समोर दुसरे माणूस उभे राहावे लागते.